न विचारता काढलेला फोटो

माझी आई म्हणायची, या पोरीची जीभ हिच्या आधी दारात पोचते. सिडनीच्या या ब्लॅकटाउन उपनगरात येऊन मला सतरा वर्षं झाली. पासपोर्ट बदलला, चहाची पावडर बदलली, पण जीभ काही इकडे यायला तयार झाली नाही, ती पुण्याचीच राहिली. त्या जिभेपायी एका म्हातारीला स्वतःचं घर सोडावं लागलं, अशी ही हकीकत आहे. निदान मला तसं वाटतं. नक्की काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही, आणि खरा त्रास तोच आहे.

आमच्या घरामागे परसात एक सुटी खोली आहे. इथे तिला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. आमच्या सासूबाई तीन महिने राहिल्या आणि ‘रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं’ असं म्हणून परत गेल्या, तेव्हापासून ती रिकामीच होती. महामारीच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, आम्ही ती भाड्याने द्यायला काढली आणि एक मुलगी बघायला आली. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, बारीक चणीची, एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी. दारात न सांगता चपला काढल्या तिने. तिथेच ती मला आवडली. कुठली, विचारलं तर म्हणाली, बर्माची. बर्मात कुठली, तर मंडाले.

आता मंडाले म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं ते मी सांगायला नको. आम्ही शाळेत तो धडा घोकलेला. मी एकदम खुशीत येऊन तिला इंग्रजीत सांगितलं की अगं, तुमच्या गावचा तुरुंग आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, आमचा एक फार मोठा माणूस तिथे सहा वर्षं डांबलेला होता. आग्ऱ्याच्या माणसाला भेटल्यावर ताजमहालाचं बोलतात ना, अगदी त्या सुरात. ती सिंकपाशी उभी होती. तिने नळ उघडून पाणी येतं का पाहिलं, नळ बंद केला आणि म्हणाली, “तो जुना. आता दुसरा आहे.” मला वाटलं, मुलगी मितभाषी आहे.

खोली घेताना तिने अट घातली. पत्रपेटीवर तिचं नाव नको, कोणी विचारत आलं तर इथे राहते असं सांगायचं नाही, आणि तिचा फोटो कुठेही टाकायचा नाही. नवरा मला आत बोलावून म्हणाला, हे काहीतरी लफडं दिसतंय, सरळ नाही म्हणून टाक. मी म्हटलं, नवऱ्याच्या जाचातून पळालेली असेल बिचारी, असू दे. तिला हो म्हटलं. अट घालणारीला कारण विचारावं एवढीसुद्धा अक्कल मला सुचली नाही, आणि एरवी मी भाजीवाल्याच्याही घरची चौकशी करते.

माझं ऑफिस पॅरामॅटाला, पण ते वर्षभर घरात आलेलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधण्याचा पगार मला मिळतो. लॅपटॉप ओट्याशेजारी, आणि खिडकीतून समोर तिचं दार. ती शिफ्टला जाताना हात हलवायची. मास्क तिचा कधी नाकाखालीही घसरायचा नाही. आम्ही सगळे तेव्हा मास्कला वैतागलेलो आणि ही मात्र परसात कपडे वाळत घालतानाही तोंड झाकून. मी लेकीला म्हणायचे, बघ, किती शिस्त आहे तिच्या अंगात. पन्नाशी गाठलेली असूनही मला आंटी म्हटलेलं खपत नाही, पण तिच्या तोंडी ते बरं वाटायचं.

मे महिन्यात एका संकष्टीला मी उकडीचे मोदक करायला घेतले आणि तिला हाक मारली. तिने एक पाहिला आणि दुसरा स्वतः केला. अशा सुबक कळ्या पाडल्या की मला माझा लपवावासा वाटला. मग माझा एक मोदक उकडताना फुटला, सारण बाहेर आलं, आणि ती हसली. खळखळून, मान मागे टाकून. मास्क काढून ठेवलेला, गालाला पीठ. मी फोन उचलला आणि बाजूने फोटो काढला. तिला कळलंही नाही. इतका छान आला होता की पुसवेना, म्हणून ठेवला.

जूनच्या शेवटी सिडनीला टाळं लागलं. ऑगस्टपर्यंत आमचा भाग कडक नियमांच्या यादीत गेला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री संचारबंदी, डोक्यावर हेलिकॉप्टर. माझी लेक युनिव्हर्सिटी सांभाळून सुपरमार्केटात काम करायची, तिथे कोणी पॉझिटिव्ह निघालं आणि ती चौदा दिवस घरात अडकली. एका सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक पोलीस आणि त्याच्याबरोबर दोन सैनिक, हिरव्या चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशात. घरात राहणारे घरातच आहेत का, एवढंच बघायला आले होते. पोरं अगदी सभ्य. लेकीने खिडकीतून हात केला, काही सामान लागतंय का असं त्यांनी विचारलं, नो वरीज म्हणाले आणि गेले. मीच उगाच त्यांना बिस्किटं द्यायला निघाले होते.

ते गेल्यावर मी धुणं टाकायला मागच्या लाँड्रीत, म्हणजे आम्ही दोघी वापरायचो त्या धुण्याच्या खोलीत, गेले. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा आहे. तिथे ती बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, कपड्यांची टोपली पुढ्यात ओढून. मी किंचाळलेच असते. तिने मला विचारलं, कोणाचं नाव विचारत होते. मी म्हटलं, अगं, लेकीचं, करोनासाठी. तिने पुन्हा विचारलं, अजून कोणाचं. मी हसून वेळ मारून न्यायला बघत होते, पण टोपलीच्या कडा आवळून धरलेले तिचे हात दिसले. मी टोपली बाजूला केली आणि तिथेच फरशीवर बसले. नियमानुसार लांब बसायला हवं होतं, ते राहिलं.

मग तिने सांगितलं. फेब्रुवारीत लष्कराने देश ताब्यात घेतला तेव्हा तिचा धाकटा भाऊ, शाळामास्तर, संपावर गेला. मार्चमध्ये त्याला उचलला. तो मंडालेच्या तुरुंगात होता. म्हणजे मी ओट्यापाशी उभी राहून तुमचा तुरुंग आम्हाला किती माहीत आहे ते सांगत होते, तेव्हा तिचा भाऊ त्यात होता. ती इथे शिकायला आलेली, आणि सिडनीतल्या निदर्शनांना जायला लागली. परत गेली तर विमानतळावरच उचलतील. पासपोर्टची मुदत संपत आलेली, आणि तो नवा करायला ज्यांच्या दारात जायचं तेच तिच्या मागावर. म्हणून तिने इथल्या सरकारकडे आश्रय मागितला होता. निकाल लागेपर्यंत ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे नदीच्या मध्यावर उभं राहायची परवानगी. तिकडे कोणाला परत पाठवणार नाहीत असं ऐकायला येत होतं, पण ऐकायला येणं निराळं आणि हातात कागद असणं निराळं.

पण तिची भीती स्वतःबद्दल नव्हती, आईबद्दल होती. आई मंडालेला घरात एकटी. सैनिक एकदा तिच्या दारी येऊन गेले होते, मुलगी परदेशात काय करते विचारायला. आईने सांगितलं, ती म्हाताऱ्यांची ढुंगणं धुते, तिला राजकारणाला वेळ कुठला. ते हसून गेले. त्या एका वाक्यावर ते घर उभं होतं. मुलाला तुरुंगात दर पंधरवड्याला डबा, औषधं, साबण द्यायला तीच जायची. असे लोक आहेत, ती म्हणाली, जे परदेशातल्या माणसांचे फोटो गोळा करतात, खाली नाव आणि गाव घालतात आणि तिकडे पाठवतात. मग घरच्यांना नेतात. म्हणून निदर्शनालाही ती टोपी, गॉगल आणि मास्क घालून जायची. आम्ही मास्क लावत होतो रोगाला भिऊन, ती लावत होती फोटोला भिऊन. दर रविवारी दुपारी तीनला आईचा फोन यायचा. तो आला की आठवडा पार पडला.

मी तिला सांगितलं, माझ्याकडून ब्र निघायचा नाही. आणि मला ते अगदी मनापासून वाटत होतं.

आता आमच्या मंडळाबद्दल. दोन मराठी माणसं भेटली की मंडळ होतं आणि तिसरा आला की सत्कार होतो. त्या वर्षी गणेशोत्सव ऑनलाइन करायचा ठरला आणि झूमवर बैठक लागली. अध्यक्ष ठाण्याचे, इंजिनियर, सज्जन माणूस. कोणाचं तरी कौतुक केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. सगळे नुसते कंटाळलेले, कोणी म्हणे रांगोळी स्पर्धा, कोणी म्हणे पुन्हा तेच भावगीत. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून गेले की आमच्या मागच्या खोलीत मंडालेची मुलगी राहते. ती तिथल्या लोकशाहीसाठी उभी आहे, तिचा भाऊ त्याच गावच्या तुरुंगात आहे, आणि ती माझ्यापेक्षा सुंदर मोदक करते. मला त्या मुलीचा अभिमान वाटत होता हो. आपली म्हणून सांगावीशी वाटली.

अध्यक्षांनी टेबलावर थापच मारली. सार्वजनिक गणपती आणि मंडाले, केवढा योग आहे म्हणाले, तिला पाहुणी बोलवायचीच. मी म्हटलं, विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या दोरीपाशी उभी राहून तिला विचारलं की आमच्या गणपतीला येशील ना. ती म्हणाली, येईन. तिला वाटलं, आमच्या घरच्या आरतीला. खरं तर मीही ते तसंच गुळमुळीत विचारलं होतं, म्हणजे हो म्हणायला तिला सोपं जावं आणि मलाही. संध्याकाळी अध्यक्षांनी तिचं नाव आणि फोटो मागितला, फक्त आपल्या माहितीसाठी. मी मोदकाचा तो फोटो पाठवून दिला, नावासकट. पाठवताना एक क्षण बोट थांबलं होतं. आपलीच माणसं आहेत, असं मी त्या बोटाला सांगितलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी मला पोस्टर दिसलं ते पुण्याहून. नणंदेने पाठवलं. वहिनी, ही तुमच्याकडचीच ना गं, किती गोड हसते. झेंडूच्या माळेच्या गोलात तिचं तोंड, खाली तिचं पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत, ‘मंडाले येथील लोकशाहीची लढवय्यी कन्या’, आणि त्याखाली ‘शाल-श्रीफळ देऊन ऑनलाइन सत्कार’. आमच्या उपनगराचं नावही होतं. मंडळाच्या फेसबुक पानावर ते दोन दिवस लागलेलं होतं आणि मेलबर्नपासून नागपूरपर्यंत लोक ते पुढे ढकलत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुती निदान देव तरी आहे.

अध्यक्षांना फोन लावला. ते आधी दुखावले. अहो, आपण तिचा सन्मान करतोय, असं दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मी त्यांच्यावर ओरडले, तुमच्या सन्मानाने तिच्या आईला पकडून नेतील, आत्ताच्या आत्ता काढा. पाच मिनिटांत पानावरून पोस्टर गेलं. पण बूंद से गई वो हौद से नहीं आती. मी एकेका ग्रुपवर लिहीत बसले, कृपया पुसून टाका. लोक विचारत, का, काय झालं. ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही आता शोधून बघायला लागले. मी हात जोडले, खोटं बोलले, नाव चुकलंय म्हणून सांगितलं. दुपार उलटली आणि तिला अजून मी काहीच सांगितलेलं नव्हतं. आधी निस्तरते आणि मग सांगते, असा माझा बेत होता.

लेक जिन्यात बसून माझं हे सगळं ऐकत होती. तिला मराठी कळतं, पण बोलते ती इंग्रजीच. “आई, इट्स हर मम,” ती म्हणाली. “यू डोन्ट गेट टू वेट.”

परस ओलांडायला वीस पावलं लागतात. ती नुकती शिफ्टवरून आलेली, बूट दाराबाहेर. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता, कारण घ्यायला बाजूच नव्हती. पोस्टर दाखवलं. तिने फोन हातात घेतला नाही, लांबूनच बघितलं. हसणारी ती स्वतः, आणि हा फोटो कधीचा तेच तिला आठवेना. मग आठवलं.

“गाव लिहिलंय?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

“आंटी,” ती म्हणाली, “मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या घरी सगळे ओरडतात, मला ते पेलता येतं. तिने दार लोटलं, आपटलं नाही.

त्यानंतर तिला काय करता येणार होतं? आईला फोन करून सावध करायचं तर तोच फोन कोणी ऐकत असेल. न करावा तर आईला काहीच ठाऊक नाही. तिच्या वकीलबाई, गरजूंना फुकट सल्ला देणाऱ्या एका संस्थेतल्या, म्हणाल्या की आपण होऊन काही हालचाल करू नका, रविवारपर्यंत थांबा. ते तिने मला लेकीच्या मार्फत कळवलं. शुक्रवारी घरात गणपती बसले. मी आरती म्हणत होते आणि डोळ्यांसमोर मंडालेचं एक दार होतं, मी कधी न पाहिलेलं. दीड दिवसाने परसातल्या बादलीत विसर्जन केलं. ती खिडकीत उभी होती. मी प्रसाद पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी वाटी धुतलेली, पालथी ठेवलेली मिळाली.

रविवारी तीन वाजले. मी ओट्याशी, खिडकीतून ती दिसत होती, पायरीवर बसलेली, शेजारी फोन. सव्वातीन. साडेतीन. तिकडे इंटरनेट कधीही बंद पाडायचे, लाइन जायची, असं आधीही एक-दोनदा झालं होतं. मी स्वतःला ते सांगत होते आणि पटत नव्हतं. पाच वाजता तिने फोन उचलला, झटकला, जणू त्यात खडा अडकलाय, आणि आत गेली.

पुढचा रविवारही कोरडा गेला. मधले दिवस कसे गेले ते विचारू नका. ती शिफ्टला जायची, दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून टेस्ट करून यायची, कामावर जायच्या परवान्याचा कागद खिशात. मला हात हलवायची नाही, पण गुड मॉर्निंग म्हणायची, आणि ते मला जास्त लागायचं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून रडत असे. नवरा एकदा म्हणाला, तुझा हेतू चांगला होता. मी त्याच्या अंगावर धावून गेले. हेतू मला काय लोणच्याला घालायचाय?

तिसऱ्या रविवारी फोन आला, पावणेदोनला, अनोळखी नंबरावरून. मी खिडकीतून बघितलं तर ती कानाला फोन लावून उभी होती आणि दुसऱ्या हाताने कपड्यांच्या दोरीला धरलं होतं. जेमतेम मिनिटभर बोलणं झालं. मग ती माझ्या दारात आली, चपला काढल्या, आत आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

आई जिवंत होती. लांबच्या एका खेड्यात नातलगांकडे पोचली होती. शेजारणीचा मुलगा दुसऱ्या देशात मजुरी करतो, त्याला ते पोस्टर कुठून तरी आलं, त्याने ते आपल्या आईला पाठवलं, आणि ती शेजारीण धावत दाखवायला आली. तुझी मुलगी बघ. म्हणजे माझ्या ओट्यावरचा फोटो फिरत फिरत मंडालेच्या त्या घरात जाऊन पोचला होता. हिच्या आईने तो नीट बघितला. दुसऱ्या दिवशी पहाटे एक पिशवी घेऊन ती निघाली. चार दिवसांनी सैनिकांनी घराला सील ठोकलं. पोस्टरमुळे की तुरुंगातल्या मुलामुळे, ते कोण सांगणार? त्या महिन्यात गल्लीतली आणखी दोन घरं तशीच बंद केली होती. भावाला डबा आता मावशी नेते, पण तिला जमेल तेव्हाच.

“आई म्हणाली, फोटोत मी चांगली दिसते,” ती म्हणाली. “बारीक झालेली नाही, म्हणाली.” आणि मग ती माझ्या डायनिंग टेबलवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवू का, हे मी तिला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला असं विचारलं असेल. तिने मान हलवली, तेव्हा ठेवला.

नोव्हेंबरात वकीलबाईंनी एक नवीनच गोष्ट काढली. परत पाठवलं तर धोका आहे, हे तिला कागदावर दाखवायचं होतं. तिने तर स्वतःचा पुरावाच ठेवलेला नव्हता, निदर्शनांच्या एकूण एक फोटोत तोंड झाकलेलं. नाव, गाव, चेहरा आणि लोकशाहीची लढाई एकत्र असलेली एकच वस्तू या जगात होती, आणि ती होती आमचं पोस्टर. ते आता हवं होतं. मी मंडळात विचारलं. आमची माणसं, जन्मात कधी सांगितलेलं ऐकत नाहीत, त्यांनी या एकदा ऐकलं होतं. अध्यक्षांनी मूळ फाइलसुद्धा उडवली होती. शेवटी सापडलं नणंदेकडे. तिच्या फोनमध्ये गेल्या दहा वर्षांतल्या सुप्रभातांसकट सगळं साठवलेलं असतं. तिने निमूट पाठवलं आणि विचारलं, वहिनी, हे पुसायचं ना गं मी, विसरलेच बघ. मी म्हटलं, देव तुझं भलं करो, पुसू नकोस.

पोस्टरबरोबर माझं शपथपत्र लागणार होतं, ते कसं आणि कोणी केलं याचं. मी चार वेळा लिहिलं. ‘अनवधानाने’ असं एक, ‘सांस्कृतिक उत्साहात’ असं दुसरं. तिने ते इंग्रजी कागद माझ्यासमोर बसून वाचले आणि ते शब्द पेनने खोडले.

“तुम्ही मला विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “एवढंच लिहा. ते खरं आहे, आणि खरंच माझ्या उपयोगाचं आहे.”

मी लिहिलं. फोटो तिच्या नकळत काढला. नाव आणि गाव तिच्या परवानगीवाचून दिलं. फोटो लावू नये असं तिने आधीच सांगितलं होतं आणि मला ते माहीत होतं. खाली सही केली. ऑफिसात मी दिवसाला वीस चुका अशाच कोरड्या भाषेत नोंदवते, पण ही एक माझी होती. पुढे व्हिसा खात्यासमोर तिची मुलाखत झाली, व्हिडिओवर, साडेतीन तास. तिने पोस्टर दाखवलं, माझा कागद वाचला गेला. मग वाट बघणं सुरू झालं.

पुढच्या वर्षी गणपती पुन्हा माणसांत आले. सगळ्यांनी मास्क फेकून दिले होते, लोक एकमेकांना कडकडून भेटत होते. तिचा निकाल अजून लागलेला नव्हता. आदल्या दिवशी ती मोदकांना मदतीला आली, मास्क लावूनच. उकड मळली, कळ्या पाडल्या, आणि झाकण उघडताना वाफेने तिचा अंगठा भाजला. मी बर्फ लावला, पट्टी बांधली. लेकीने सवयीने फोन उचलला आणि मी एकदम ओरडले, थांब, आधी विचार. लेक म्हणाली, आय वॉज गोइंग टू, आई.

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, काढ, पण फक्त हातांचा. तिने तळहातावर एक मोदक ठेवला, दुसरा हात खाली धरला. चेहरा नाही, नाव नाही, मागचा ओटाही आम्ही फडक्याने झाकला. तो फोटो तिने कोणाच्या तरी हातून, त्याच्या कोणाच्या तरी हातून, एक शब्दही न लिहिता तिकडे पोचवला. कोणालाही वाटावं, कुठल्याशा बाईचे हात आहेत.

अनंत चतुर्दशीच्या आसपास उलटा निरोप आला. तोही तसाच, कोणाचं नाव नसलेला, एका ओळीचा. तिने मला वाचून दाखवला. आईने विचारलं होतं, अंगठ्याला काय लागलंय.